पोचल्याची खूण

शिडी भागीबाईंनीच धरली होती, हे वैष्णवीला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. आठवून तिने वेगळं काही केलं असं मात्र नाही, तेव्हा त्या आठवणीचं कौतुक नको.

वैष्णवी पंचवटीतल्या एका संस्थेची नेटवर्क इंजिनिअर. संस्थेचं काम पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर, तान्ह्या मुलांच्या आरोग्याचं. तिथे मोबाइलला रेंज नाही आणि डांबरी रस्ता अकरा किलोमीटर खाली. म्हणून संस्थेने एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर अशा बिनतारी तबकड्या लावत वरच्या पाड्याच्या शाळेपर्यंत स्वतःचं इंटरनेट नेलं होतं. त्या पाड्यावरची संस्थेची आरोग्यसेविका म्हणजे भागीबाई. वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी, पण पाड्यावर शब्दाला वजन असं की भागीबाई म्हणाल्या तर बाळंतीणही उठून चालू लागायची. मुलाचं वजन करायचं, काट्याचा फोटो काढायचा, शाळेच्या ओट्यावर बसून तो नाशिकला पाठवायचा, हे त्यांचं काम. मूल धोक्यात असेल तर फोटोवर लाल पट्टी लावायची. ती पट्टी नाशिकला दिसली की पेठहून संस्थेची जीप निघायची.

अडचण एकच होती. एक फोटो जायला चाळीस-चाळीस मिनिटं लागत. इंटरनेटवर माल पाठवायची रीत मूळची तारांसाठी बसवलेली. फोटोचे तुकडे करायचे, थोडे पाठवायचे, पलीकडून पावती आली की पुढचे पाठवायचे. पावती आली नाही तर पाठवणारा समजतो की वाटेत गर्दी झाली, आणि समजूतदारपणे आपला वेग निम्म्यावर आणतो. तारेवर हे ठीक. डोंगरात वाट रिकामी असते; तुकडा हरवतो तो पावसात, धुक्यात, मध्ये आलेल्या एखाद्या फांदीपायी. तरी हा गृहस्थ गर्दी समजून पाय ओढत चालणार. पुन्हा तुकडा हरवणार, पुन्हा हा हळू होणार. मोकळ्या रस्त्यावर भागीबाईंचा फोटो असा रखडायचा आणि त्या ओट्यावर मोबाइल हातात धरून हिरवी खूण यायची वाट बघत बसायच्या.

यावर वैष्णवीने जो तोडगा काढला तो हुशारीचा होता, हे मान्य करायलाच हवं. तिने शाळेच्या छपरावर एक डबा बसवला. मोबाइलने तुकडा पाठवला की डबाच नाशिकच्या वतीने पावती देऊन मोकळा होणार. मोबाइल खूश, भराभर पुढचे तुकडे देणार. मग ते नाशिकला पोचवायची जबाबदारी डब्याची. वाटेत हरवले तर तो वेग न सोडता पुन्हा पाठवणार. चाळीस मिनिटांचं काम मोबाइलपुरतं चार सेकंदांवर आलं. संस्थेचे प्रमुख धनराज सर पाहून हरखले आणि म्हणाले, "मग हिरवी खूणही लगेच दाखव ना. बायका कशाला ताटकळत बसतील?" वैष्णवीने हिरवी खूण डब्याच्या पावतीला जोडून दिली.

आता खोट कुठे होती ते सांगतो. नाशिकला पोचेपर्यंत फोटो डब्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा, आणि वीज गेली की ती स्मृती कोरी. आधी फोटो डब्यातल्या मेमरी कार्डावर लिहून ठेवायचा आणि मगच पावती द्यायची, हा उपाय वैष्णवीला ठाऊक होता. तिने करूनही पाहिला होता. पण मग चार सेकंदांचं जवळपास एक मिनिट व्हायचं, आणि बंगळुरूच्या परिषदेत दाखवायच्या आलेखात ते मिनिट फार वाईट दिसत होतं. त्या आलेखावर जर्मनीतल्या एका विद्यापीठात तिची जागा ठरायची होती. 'पुढच्या आवृत्तीत' असं तिने वहीत लिहिलं आणि वही मिटली. कार्डावर फक्त नोंद राहायची, कोणती पावती किती वाजता दिली याची. मग ती पाड्यावर गेली आणि भागीबाईंना स्वतः शिकवून आली, "हिरवं आलं म्हणजे पोचलं. मग फोटो पुसून टाकत जा, मोबाइल भरतो."

भाद्रपदातल्या एका मंगळवारी चंद्रभागेचं चार महिन्यांचं पोर दूध ओढेना. भागीबाईंनी वजन केलं, लाल पट्टी लावली, पावणेबाराला फोटो पाठवला. चार सेकंदांत हिरवं आलं. त्यांनी ते चंद्रभागेला दाखवलं, शिकवल्याप्रमाणे फोटो पुसला आणि म्हणाल्या, "पोचलं नाशिकला. गाडी निघंल आता." दहा मिनिटांनी ढगांमुळे मरगळलेली सौरबॅटरी बसली आणि डबा बंद पडला. धुक्याने वाट बंद होती, तोवर नाशिकला काहीच गेलेलं नव्हतं. पूर्वी तासाभरात हिरवं आलं नाही की पाड्यावरची माणसं झोळी करून खालच्या रस्त्याकडे चालायला लागत. त्या दिवशी हिरवं आलं होतं, म्हणून सगळे दारात बसून गाडीची वाट पाहत राहिले. दिवे लागायच्या वेळी पोर गेलं.

फोटो आलाच नाही असं नाशिकचं कार्यालय म्हणत होतं आणि हिरवं आलं होतं असं भागीबाई. शुक्रवारी वैष्णवी वर गेली. डबा तपासते, असं धनराज सरांना सांगून निघाली होती आणि स्वतःलाही तेच सांगत होती. छप्पर शेवाळलेलं, शिडी बांबूची. भागीबाईंनी दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

"दमानं, मॅडम. तिसरी पायरी कच्ची हाय."

वर जाऊन वैष्णवीने लॅपटॉप जोडला. नोंद शोधायला वेळ लागला नाही. अकरा शेहेचाळीस, लाल पट्टी, पावती दिली. त्यापुढे नाशिकला रवाना झाल्याची नोंद असायला हवी होती तिथे काही नव्हतं, आणि खालची ओळ थेट डबा पुन्हा सुरू झाल्याची. बाई खरं बोलत होती. त्या एका ओळीत भागीबाईंची सुटका होती आणि त्याच ओळीत वैष्णवीचं जर्मनी बुडत होतं.

"सापडलं का काय?" खालून आवाज आला.

"कार्ड नाशिकला नेऊन बघावं लागेल."

"त्यात दिसंल ना, मला हिरवं आल्यालं?"

"दिसेल," वैष्णवी म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला, आणि तेव्हा तो खोटाही नव्हता.

ती उतरली तेव्हा पाऊस लागला होता. भागीबाई घरात गेल्या आणि मिठाची रिकामी प्लॅस्टिक पिशवी घेऊन आल्या. कार्ड त्यांनी आपल्या हाताने तिच्यात गुंडाळलं, वरून दोरा बांधला. "भिजाया नको. माझा जीव हाय त्यात," त्या म्हणाल्या. "चंद्रभागा बोलत नाय माझ्याशी. पण तुम्ही दाखवाल तर बोलंल." वैष्णवीने पिशवी पर्समध्ये टाकली. पेठहून नाशिकला येईपर्यंत तिने ती तीनदा चाचपून पाहिली. घरी आल्यावर दोरा कात्रीने कापला, कार्ड लॅपटॉपला लावलं आणि कोरं केलं. मग जेवायला बसली.

शनिवारी संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. खाली भाजीबाजाराचा गलका, म्हणून धनराज सरांनी खिडक्या लावून घेतल्या. भागीबाई, चंद्रभागा, वैष्णवी आणि सर, एवढीच माणसं. कार्डात पाणी गेलं, काही वाचता आलं नाही, असं वैष्णवीने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

भागीबाई चमकल्या. "पिशवीत बांधलं व्हतं की मी."

"त्याआधीच गेलं असणार, भागीबाई. डब्यात."

धनराज सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, पण देणगीदारांची माणसं सोमवारी येणार होती. "वैष्णवी, मला एकच सांग. नाशिकला न पोचता हिरवी खूण येऊ शकते का?"

अजूनही वेळ होती. तोंड उघडून एक 'हो' म्हणायचं होतं.

"नाही, सर."

"पण मीबी पाहिलं," चंद्रभागा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. "काकीनं दावलं मला. हिरवं व्हतं."

वैष्णवीला याची कल्पना नव्हती. ती क्षणभर गडबडली, आणि मग जे सुचलं त्याची तिलाच भीती वाटायला हवी होती. तिने आपला मोबाइल काढला, ते ॲप उघडलं आणि चंद्रभागेसमोर धरलं. "असं हिरवं होतं का?"

चंद्रभागेने निरखून पाहिलं. "व्हय. असंच."

"हे पाठवायचं बटण आहे," वैष्णवी मऊ आवाजात म्हणाली. "तेही हिरवंच असतं. दाबायच्या आधीपासून."

चंद्रभागेने मोबाइलकडे पाहिलं, मग भागीबाईंकडे. "काकी, तू बटन दावलंस मला?"

"नाय गं. खूण व्हती. बरोबरची खूण."

"दिवसभर बसवलंस तू आम्हाला. झोळी बांधून ठेवली व्हती त्यांनी. तू म्हणालीस सोडा, गाडी येत्ये."

भागीबाईंनी आधार शोधल्यासारखं वैष्णवीकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, हेच वाईट. ज्या बाईने मोबाइल हातात धरायला शिकवलं, तीच आता आपलं काय चुकलं ते सांगेल, अशी ती नजर होती. "मॅडम, असं व्हतं का? घाईत मानूस बटनालाच खूण समजंल?"

"होतं असं," वैष्णवी म्हणाली. "घाबरलेलं असताना होतं. तुमचा दोष नाही त्यात."

भागीबाईंनी हळूहळू मान हलवली. "मग तसंच झालं असंल. माझंच ध्यान नसंल." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या, या वेळी चंद्रभागेला. पण चंद्रभागा पदर सावरून उठली होती. जाताना ती भागीबाईंसोबत गेली नाही. दोघी एकाच पाड्याच्या, एकाच एसटीने आलेल्या. परतताना एक पुढच्या बाकावर बसली आणि एक मागच्या, असं नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

धनराज सरांनी भागीबाईंना कामावरून कमी केलं. पत्रात 'वयोमानानुसार' असा शब्द घातला आणि आपण फार सांभाळून घेतलं असं समजले. बंगळुरूला आलेखाला टाळ्या पडल्या. जर्मनीचं पत्र आलं. कार्डावर आधी लिहिण्याचा तो बदल वैष्णवी एका दुपारी करू शकली असती. पण तो केला की आकडे बदलणार, आकडे बदलले की कुणीतरी कारण विचारणार. तिने हात लावला नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात ती वरच्या पाड्यावर शेवटची गेली, नव्या सेविकेला शिकवायला. मीना नावाची पाड्यावरचीच बावीस वर्षांची सून, बारावी झालेली. शाळेच्या ओट्यावर तिच्या शेजारी भागीबाई बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वाळल्या होत्या, आणि पलीकडच्या हापशावर त्यांना पाहून दोन बायका हंडे घेऊन मागे फिरल्या, हे वैष्णवीने पाहिलं.

"मी शिकवू का हिला?" त्यांनी विचारलं. "माझ्यावानी चुकाया नको."

मीनाने काट्याचा फोटो काढला, चाचणी म्हणून लाल पट्टी लावली आणि पाठवला. आभाळ भरून आलं होतं. वैष्णवीच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर नाशिकची यादी उघडी होती. चार सेकंदांनी मोबाइलवर हिरवं उमटलं. भागीबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बोटाने खूण चाचपली, मग दूर धरून पुन्हा पाहिली.

"हे बटन नाय. खूणच हाय," त्या मीनाला म्हणाल्या. "नीट बघून ठेव. मी बघितलं नाय म्हणून एक पोर गेलं. ही आली म्हंजे नाशिकला पोचलं. मग फोटो पुसायचा. हाय ना, मॅडम?"

मीनाही वैष्णवीकडे बघू लागली. तिचा अंगठा पुसण्याच्या खुणेवर टेकला होता.

नाशिकच्या यादीत ती नोंद अजून आलेली नव्हती. वैष्णवीने आणखी एकदा पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"हो," ती म्हणाली. "पुसा."