पेटीखालची गार जागा

ताईच्या पत्राला धाकट्याने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र आलं तेव्हा रस्त्यावरची झाडं हिरवीगार होती. आता खिडकीबाहेरच्या झाडावर मोजकीच पानं उरली होती आणि वारा सुटला की धाकटा ती मोजायला लागायचा. कारण ताईने लिहिलं होतं, 'हे गेल्यापासून घर अंगावर येतं. तुझ्याकडे येऊन राहीन म्हणते, आईची पेटी घेऊन. चालेल का ते पानगळ संपायच्या आत कळव. नाही कळवलंस तर मी समजून जाईन आणि वृद्धाश्रमात नाव घालीन. तिथली माणसं बरी आहेत. दयेपोटी मात्र हो म्हणू नकोस, मला कळतं.'

नाव धाकटा, पण त्याने सत्तरी केव्हाच ओलांडली होती. त्याला धाकटा म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई. त्याचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करता करता स्वतःचं वाक्य लिहायची त्याने धास्तीच घेतली होती. 'ये' लिहावं तर हुकूम वाटेल. 'आलीस तर बरं होईल' म्हणावं तर उपकार केल्यासारखं. 'वाट पाहतो' हे तर अगदीच नाटकी. कागद फाडून फाडून टोपली भरली. फोन करावा तर ताईला कमी ऐकू यायचं. ती कशालाही 'हो का' म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

उत्तर जमेना, तेव्हा धाकट्याने भलतंच केलं. मागच्या खोलीतली पुस्तकं उचलून बोळकांडीत रचली आणि त्या खोलीच्या जमिनीखाली विजेवर तापणारी वायर टाकून घ्यायचं ठरवलं. त्या खोलीत ऊन कधी यायचं नाही. थंडीत तिथे अनवाणी उभं राहिलं की कळ थेट डोक्यात जायची. आणि ताईचे पाय तर लहानपणापासून बर्फाचे.

सकाळी बेल वाजली. दारात, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेली, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई उभी होती. धाकट्याने तिच्या मागे डोकावून पाहिलं.

"वायरमन मागून येताहेत का?"

"वायरमन दारातच उभे आहेत, काका. आत घेतलंत तर कामाला लागतील."

धाकटा इतका ओशाळला की त्याने घाईघाईने तिची हत्यारांची पिशवी स्वतःच उचलली. ती त्याला पेलली नाही. मग दोघांनी मिळून ती बोळकांडीतून, पुस्तकांच्या थप्प्यांना कोपर न लावता, आत नेली.

दुपारपर्यंत वायरमनबाईने जमीन झाडून तिच्यावर राखाडी, हलक्या लाद्या चिकटवल्या. ऊब खाली झिरपू नये म्हणून, असं ती म्हणाली. मग तिने जाळीची गुंडाळी काढली. जाळीवर पातळ वायर नागमोडी बसवलेली होती. गुंडाळीची टोकं मीटरला लावून तिने आकडा वाचला आणि खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला.

"जुळला. आता एकदा बघितलं. अंथरल्यावर पुन्हा बघायचं आणि फरशी बसल्यावर पुन्हा."

"म्हणजे प्रुफं," धाकटा हळूच म्हणाला. "आणि सगळं छापून झाल्यावर चूक सापडली तर?"

"तर छिन्नी आणि हातोडा." ती हसली. "पण काका, एवढं कोणासाठी चाललंय?"

"पुस्तकांसाठी. दमट हवेने पानांना बुरशी…"

"पुस्तकांचे पाय गारठतात होय? बरं. मग सांगा, कपाटं कुठे येणार? पलंग कुठे? उंच पायांचा पलंग असेल तर हरकत नाही, खालून हवा खेळते. पण बूड टेकलेलं काही असेल तर तिथे मी वायर टाकणार नाही. ऊब अडकते आणि वायर आतल्या आत भाजते."

धाकट्याच्या डोळ्यांपुढे आईची पेटी आली. काळ्या लाकडाची, बूड टेकून बसलेली. घरं बदलली, ही प्रत्येक घरात तशीच ठाण मांडून बसली.

"सगळीकडेच टाका ना," तो म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कुठे काय ठेवायचं ते नंतर बघू."

"नंतर बघू म्हटलेल्या घरांतूनच जळका वास येतो, काका."

"मग एखादा कोपरा सोडा. म्हणजे, लागलाच तर."

"कुठला?"

"एक पेटी येईल. कदाचित. म्हणजे पेटीच्या मालकीणबाई, माझी ताई, तिने विचारलंय. मी अजून काही कळवलेलं नाही."

"कधी विचारलं त्यांनी?"

"झाडं हिरवी होती तेव्हा."

वायरमनबाईने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"माझ्या सासूबाईंना मी एवढं ताटकळत ठेवलं असतं ना, तर त्यांनी मलाच या फरशीखाली गाडलं असतं," ती म्हणाली. "मी लोकांच्या खोल्या तापवत हिंडते आणि माझ्या घरची जमीन अजून गारठलेलीच. रोज त्यांचं ऐकून घेते. पण राहतात माझ्याजवळ." तिने खिशातून खडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "आखून ठेवा. उद्या येते. एकदा वायर बसली की ती हलवता येत नाही. आधी जाळी कापून वायर वळवता येते, वायर मात्र कापायची नसते. आणि परवा फरशीवाला यायचाय. त्याला खाडा पडला तर तो मला जन्मभर टोमणे मारील."

ती गेल्यावर धाकटा खडू घेऊन त्या रिकाम्या खोलीत उभा राहिला. राखाडी लाद्यांवर दुपारचा फिकट उजेड पडला होता, आणि सगळी जमीन वारा पडलेल्या तळ्यासारखी दिसत होती. पाऊल टाकलं तर तरंग उठतील, असं त्याला वाटलं. तो खाली बसला, मग आडवा झाला. खडू मुठीतच राहिला.

कुठून तरी पावाचा वास आला.

लहानपणी त्यांचं बिऱ्हाड एका बेकरीवर होतं. खालची भट्टी खोलीच्या बरोबर मधोमध यायची, म्हणून जमिनीची एक पट्टी नेहमी उबदार असायची. डोळे मिटूनही ती पायांना सापडायची. रोज रात्री ताई अंथरुणं घालायची. धाकट्याचं पट्टीवर आणि स्वतःचं दाराशी, पेटीला पाठ लावून. 'तुला थंडी नाही वाजत?' असं त्याने विचारलं की ती म्हणायची, 'मला उकडतं.' त्याला ते खरंच वाटायचं. काही माणसांना उकडतं आणि काहींना थंडी वाजते, जगाची रीतच तशी, असं तो समजून चालला होता.

आता जमीन होडीसारखी हलकेच डुलत होती. पेटी दारातून आपली आपण आत आली, कुणी न उचलता, आणि दमलेल्या पाहुण्यासारखी दाराशीच टेकली. तिच्यामागून ताई आली. दोन वेण्या घातलेली होती आणि केस पिकलेलीही होती, आणि त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

"सरक," ती म्हणाली.

"पट्टीवर ये, ताई."

"मला उकडतं रे."

त्याने हात लांबवून तिच्या पावलाला हात लावला. पाऊल बर्फ होतं. सगळा वेळ ते बर्फच होतं.

त्याला जाग आली तेव्हा उजेड भिंतीवर चढला होता. झोपेत तो लोळत दाराच्या भिंतीशी येऊन पडला होता आणि पाठ गारठून गेली होती. मुठीतला खडू तेवढा कोमट झाला होता. तो गुडघ्यांवर आला आणि तिथेच, दाराशी, एक लांबट चौकोन आखू लागला. मोजायला टेप लागली नाही. पाय पोटाशी घेऊन झोपलेली ताई जेवढी असायची तेवढीच पेटी लांब होती.

दुसऱ्या दिवशी वायरमनबाईने चौकोन पाहिला आणि धाकट्याकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की."

"हे गारच राहणार हं, कायमचं. बेत बदललात तर रोज पायाला लागेल."

"बेत बदलणार नाही," धाकटा म्हणाला. वाक्य तोंडातून पुरं बाहेर पडलं. त्यात खोडायला काही नव्हतं, याचं त्यालाच नवल वाटलं.

तिने जाळी कापली, वायर अलगद वळवली, आणि नदीने बेटाला वळसा घालावा तसे वायरचे वेढे चौकोनाला वळसा घालून पुढे गेले. एक वेढा दुसऱ्याला शिवू दिला नाही. जमिनीचं तापमान सांगणारी तार एका नळीतून आत सरकवली. बिघडली तर फरशी न फोडता ओढून काढता यावी म्हणून. मीटर लावला. आकडा जुळला. मग तिने उभं राहून सगळ्या जमिनीचा फोटो घेतला.

"हा जपून ठेवा. पुढे कुणी इथे खिळा ठोकायला आला तर आधी हा दाखवायचा. हा स्विच वेगळा बसवलाय, वीज कुठे गळलीच तर पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. जाड गालिचा टाकायचा नाही. आणि खालचा सिमेंटचा मसाला पुरता वाळेपर्यंत चालू करायचं नाही. कितीही मोह झाला तरी."

"मोह आवरण्यात मी पटाईत आहे," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि वायरवर पातळ मसाला पसरायला बसली.

धाकटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गेला. चहा ठेवला आणि आधण येईपर्यंत कागद ओढला.

'ताई, मागच्या खोलीच्या जमिनीखाली तापणारी वायर टाकून घेतली. पेटीचं बूड टेकतं, म्हणून दाराशी तिच्यापुरती जागा गार ठेवली आहे. तिथे दुसरं काही शोभणार नाही आणि आता ते बदलताही येत नाही. तुझा पलंग पट्टीवर. मला उकडतं. फरशी वाळेपर्यंत बांधाबांध कर. पेटी उचलायला माणसं लाव, तू हात लावू नकोस. धाकटा.'

सवयीने त्याने पेन्सिल घेऊन वाचून पाहिलं. 'आता' आणि 'बदलताही' यांच्यामध्ये काहीतरी खटकत होतं. काय ते सापडेना. आधण उकळून गॅसवर सांडलं, तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि पाकीट चिकटवलं.

"चहा आहे की उत्तरच प्यायचंय?" मागच्या खोलीतून आवाज आला.

त्याने कप नेऊन दिला. तिची नजर त्याच्या हातातल्या पाकिटावर गेली. "मी त्याच रस्त्याने जाणार आहे. टाकू का टपालात?"

"नको. मीच जातो."

रस्त्यावर गार वारा होता आणि पानं पायांपुढून सरसरत जात होती. धाकट्याने मान वर करून झाडाकडे पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तो थांबला. पाकीट अर्धं फटीत गेल्यावर बोटांनी ते जुन्या सवयीने थोडा वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.