अर्ध्यावरून पडलेला घण

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी घण आहे. लोहाराच्या हातातला नव्हे हं! मला उचलायला चार गडी लागतात. दोराने वर ओढून ते मला जमिनीत उभ्या केलेल्या नळीच्या डोक्यावर सोडतात. नळी हातभर खाली जायला जितके जास्त घाव, तितकी जमीन टणक. पूर्वी लोक पहार खुपसून नाहीतर पायाने दाबून जमीन पारखत. आमची जात आली आणि जमिनीच्या पोटातलं कळू लागलं. मला याचा भारी तोरा होता.

तो उतरला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. लालबागला एका चाळीला अगदी लागून नव्या इमारतीचा पाया खणायचा होता. खाली सगळा भराव, खाडीचा चिखल आणि गिरण्यांची राख. इंजिनिअर शामराव घाव मोजत आणि मुकादम भिवा गड्यांना ताल देई. एरवी तो लांबलचक "हैऽऽस्सा" म्हणे. मी शेजारच्या खांबावरच्या खडूच्या खुणेपर्यंत चढे आणि मगच सुटे.

एके दिवशी रस्त्यावरून मोर्चा गेला आणि गड्यांना चेव आला. भिवा ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र!"

"झालाच पाहिजे!" म्हणत गडी दोर ओढत आणि लगेच सोडून देत. घोषणा आखूड, त्यामुळे मी अर्ध्यावरूनच खाली येई. घाव पोकळ पडत होते, नळी जेमतेम सरकत होती आणि आकडा वाढत होता. शामरावही मान डोलवत मोजत होते. मी आतल्या आत तळमळलो, पण लोखंडाला तोंड कुठलं?

"झकास जमीन आहे," शामराव म्हणाले. "चाळीच्या भिंतीला टेकू द्यायची गरज नाही. उद्या खणायला घ्या."

दुसऱ्या दिवशी चाळीच्या कडेने खड्डा पडू लागला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गडी मला तशाच घोषणा देत ओढत होते. खड्ड्यापाशी उभ्या भिवाने सहज वळून पाहिलं. माझ्या खूप वर, खांबावरची खडूची खूण त्याला दिसली; मी तिच्यापर्यंत पोचतच नव्हतो. तो शामरावांकडे वळून ओरडला,

"साहेब, खणणं थांबवा! कालचा आकडा खोटा हाय. आम्ही दोर अर्धाच वढला!"

शामराव खड्ड्यात डोकावले. तळाशी काळा चिखल हळूहळू वर फुगत होता. चाळीच्या कोपऱ्यातल्या खोलीला तडा गेला होता. त्या खोलीत सुंदराबाई राहत.

"सगळ्यांना बाहेर काढा!" शामराव ओरडले.

सुंदराबाई दारातच अडून उभ्या राहिल्या. "अरे, सून कालच बाळंत झालीय. तिला उठवू कशी?"

"खाटेसकट उचलतो, मावशी. तुम्ही फक्त बाळ घ्या," भिवा म्हणाला.

माझे चारही गडी दोर टाकून धावले. खाट दारातून तिरकी करताना अडकली. वरून माती भुरभुरू लागली. मी मैदानात निपचित पडलो होतो. आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

खाट सुटली. ती रस्त्यावर पोचते न पोचते तोच कोपऱ्यातली खोली खड्ड्यात बसली.

धूळ खाली बसली तेव्हा बाळ सुंदराबाईंच्या पदरात शिंकलं. भिवा तिथेच मातीत बसून रडला. शामरावही त्याच्या शेजारी बसले. कोणी कोणाला बोल लावला नाही.

आता मी एका गोदामामागे गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला तेलपाणी केलंत तर बरं वाटेल, पण ते राहिलं तरी चालेल. जमिनीला काही विचाराल तेव्हा मात्र दोर पुरता ओढा. वर कोणीतरी बाळंतीण निजलेली असते.