पूजेतली वस्तू

कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा सोमवार होता. ग्वेल्फमधल्या त्या शांत रस्त्यावर शेजारी वाळकी पाने गोळा करून कागदी पिशव्यांत भरत होते आणि उमाताईंच्या स्वयंपाकघरात पाटावर लाल कापड अंथरले जात होते. २०१६ साली खंडेनवमी नेमकी या सुट्टीला आली होती. उमाताईंनी पाटावर आपले शाईचे पेन ठेवले, नवऱ्याची झाडे छाटायची कात्री ठेवली आणि बॅकयार्डातले उरलेसुरले झेंडू ताटात घेतले.

उमाताईंचे वय अडुसष्ट. तीस वर्षे त्यांनी इथल्या एका लॅबमध्ये दूध तपासले होते. त्यामुळे नासलेले काही असेल तर हिला आधी कळते, असे त्यांचे यजमान नंदकुमार गमतीने म्हणत. त्या दिवशीही उमाताईंना आधीच कळले होते. पण कळणे वेगळे आणि त्यावर हट्ट धरून बसणे वेगळे.

या घराची एक रीत होती. उमाताईंचा धाकटा भाऊ बळवंत सीमेवरच्या नदीपलीकडे, अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहत असे. दर खंडेनवमीला सकाळी दहा वाजता टॅब्लेटवर दोन्ही घरे एकत्र येत. ताई इकडून पूजा सांगत, बळवंत तिकडे करत असे. नंदकुमार ते सगळे रेकॉर्ड करून ठेवत, पुढे नातवंडांना बघायला. नातवंडांना ते बघायचे आहे का, हे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते. यंदा त्यांची मुलगी देवयानी सात वर्षांच्या केयाला घेऊन लाँग वीकेंडसाठी मामाकडेच गेली होती, म्हणून उमाताई जरा जास्तच उत्साहात होत्या.

तिकडचा टॅब्लेट धरायचे काम लोरेटाचे. लोरेटा म्हणजे बळवंतकडे बारा वर्षे साफसफाई करणारी बाई. शहरातून दोन बस बदलून ती त्या फाटकाच्या वसाहतीत येई आणि फाटकावरचा पहारेकरी बारा वर्षांनंतरही तिचे ओळखपत्र मागे. बळवंतची चार क्लिनिके त्याच शहरात होती. त्या शहरातल्या आजाऱ्यांवर त्याचे घर उभे राहिले होते आणि त्याच शहराच्या भीतीने त्याने पिस्तूल घेतले होते.

"गुड मॉर्निंग, मिस उमा," पडद्यावर लोरेटाचा चेहरा आला. दोघींचे बोलणे इंग्रजीतून चाले.

"आज तरी सुट्टी घ्यायची होतीस, लोरेटा."

"संध्याकाळी चाळीस माणसं जेवायला आहेत. मला कुठली सुट्टी?"

ती चाळीस माणसे म्हणजे बळवंतसारखेच बडे डॉक्टर आणि व्यावसायिक. राज्याच्या विधिमंडळाच्या एका उमेदवाराला निधी जमवून देण्यासाठी ते जेवण होते आणि तिथल्या एका ताटासाठी मोजायची रक्कम लोरेटाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. लहान मुले असलेल्या घरात बंदूक कुलपातच ठेवली पाहिजे, असा एक कायदा राज्यात येऊ घातला होता. तो आपण पुढे सरकू देणार नाही, असे हा उमेदवार जाहीर सभांत सांगे. बळवंतला बंदुकीशी फारसे देणेघेणे नव्हते. त्याला क्लिनिकांच्या परवानग्यांसाठी त्या माणसाचे दार उघडे हवे होते. पण दार उघडायचे तर त्या माणसाला जे आवडते ते आपल्यालाही आवडते असे दाखवावे लागते, आणि बळवंत अशा बाबतीत कधीच मागे राहिला नव्हता.

लोरेटाने टॅब्लेट खाली वळवला. जमिनीवरच्या पाटावर स्टेथोस्कोप होता, लॅपटॉप होता, केयाची खडूंची निळी पेटी होती. त्या पेटीवर, सगळ्यांच्या वर, काळे पिस्तूल ठेवलेले होते. त्याला कुंकू लावून झाले होते.

"बळवंत, ते काय आहे?"

"शस्त्रपूजा, ताई," बळवंत हसला. "इतकी वर्षं आपण स्क्रू ड्रायव्हर आणि कॅल्क्युलेटर पुजतोय. आज कुठे खरं शस्त्र आलंय पाटावर."

"तू ते सेफमध्ये ठेवतोस ना?"

"रोज सेफमध्येच असतं. आज पूजेसाठी काढलंय. संध्याकाळी आमच्या साहेबांना दाखवायचंय. ही वॉन्ट्स अ फोटो विथ इट. आपली परंपरा बघून खूश होतील."

उमाताईंच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. "केया घरात आहे. पूजा झाली की लगेच आत ठेव."

"ताई, पूजेतली वस्तू दसऱ्याला अक्षता वाहिल्याशिवाय हलवायची नाही. हे मला कोणी शिकवलं?"

शिकवले होते ते उमाताईंनीच. बळवंत सातवीत असताना गृहपाठासाठी त्याने पूजेतली कंपासपेटी गुपचूप काढली होती, तेव्हा आई काही बोलली नव्हती. थोरल्या बहिणीने त्याला अंगणात सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या होत्या. पन्नास वर्षांनी तो नियम तिच्यापुढेच येऊन उभा राहिला.

"अगं, मॅगझिन काढून ठेवलंय," बळवंत म्हणाला. "गोळ्याच नाहीत त्यात. आता ते नुसतं लोखंड आहे."

तेवढ्यात टॅब्लेटच्या मागून लोरेटाचा आवाज आला. मराठी तिला कळत नव्हते, पण कशाबद्दल चालले आहे ते कळत होते. "डॉक्टर, मी ही खोली झाडीन, पुसीन. पण त्या वस्तूला मी हात लावणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"तुला कोणी सांगितलंय हात लावायला?" बळवंत इंग्रजीत म्हणाला आणि पुन्हा हसला.

लोरेटाच्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बसस्टॉपवर उभा असताना गोळी लागून गेला होता. उमाताईंनी तेव्हा तिला पत्र पाठवले होते. ते सारे त्यांना आठवले. पण पडद्यावर भावजय जयंती हात जोडून उभी होती, देवयानी घड्याळ बघत होती, केया कंटाळून पाटाभोवतीची रांगोळी बोटाने उकरत होती. सणाच्या दिवशी लेकी-नातीसमोर तमाशा नको, असे त्यांना वाटले. आपल्याकडच्या किती घरांत किती गोष्टी याच एका वाक्यावर सोडून दिल्या जातात!

"ठीक आहे," उमाताई म्हणाल्या. "राहू दे." आणि त्यांनी पुढचा मंत्र सांगितला.

पूजा संपली, पडदा काळा झाला. उमाताईंनी भोपळ्याची भाजी फोडणीला टाकली आणि ती करपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

"मन लागत नाही तर फोन कर ना देवयानीला," नंदकुमार म्हणाले.

देवयानीने तिसऱ्यांदा वाजल्यावर फोन घेतला. "आई, मामाने सांगितलं ना? यू आर ओव्हरथिंकिंग. इथे सगळ्यांच्याच घरी असतं."

"मग तू तेवढं उचल आणि उंच कपाटात ठेव."

"मी? मला हात लावायचीच भीती वाटते. आणि मामीला काय वाटेल? तिने एवढी सजावट केलीये. उद्या सकाळी तर हलवणारच आहेत."

"केया कुठे आहे?"

"आहे इथेच. तुझ्यासाठी थँक्सगिव्हिंगचं कार्ड काढायचंय म्हणतेय. खडू पूजेत अडकलेत म्हणून रडवेली झालीये. मी सांगितलंय, आजीचा नियम आहे, उद्याच मिळतील."

उमाताई म्हणाल्या, "दे तिला तिचे खडू. तू काढून दे. मी सांगतेय ना." पण देवयानीला दुसरा फोन आला होता आणि लाइन बंद झाली होती. त्यांनी पुन्हा लावला. मग जयंतीला लावला. मग बळवंतला. बळवंत बाहेर खुर्च्या उतरवून घेत होता, जयंती केस सेट करायला गेली होती. उमाताईंनी मेसेज लिहिला: पूजा मोडली तरी चालेल, ते आत ठेवा. तो कोणी वाचल्याची खूण आली नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. पलीकडून देवयानी बोलत नव्हती, नुसती ओरडत होती.

झाले ते असे. खडूंची पेटी काढायची तर तिच्यावरचे लोखंड बाजूला करायला हवे होते. केयाने ते दोन्ही हातांनी उचलले. स्वयंपाकघरातून लोरेटाला ते दिसले. ती धावत आली, मुलीला दचकवू नये म्हणून दोन पावलांवर गुडघ्यांवर बसली आणि दे बाळा म्हणून तिने हात पुढे केला. मॅगझिन काढले तरी नळीत एक गोळी राहू शकते, हे बळवंतला ठाऊक नव्हते. पिस्तुलासोबत त्याने महागडी सेफ घेतली होती, पण ते चालवायला शिकायला त्याला कधी वेळ झाला नव्हता. रुग्णवाहिका फाटकाशी पोचली तेव्हा लोरेटाचा श्वास थांबला होता.

शुक्रवारी देवयानी आणि केया ग्वेल्फला आल्या. केया काही बोलत नव्हती. तिने आजीकडे बघितलेही नाही. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, त्या पाटाजवळ जाऊन बसली. दसरा येऊन गेला होता, पण उमाताईंच्या पाटावरची पूजा तशीच होती. अक्षता वाहायचे कोणाला सुचले नव्हते. झेंडू वाळून तपकिरी झाले होते.

दुपारी बळवंतचा फोन आला. आवाज चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. ते खोटे नव्हते आणि उमाताईंना त्याचे वाईटही वाटले.

"ताई, पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलंय. झाडपूस करताना लोरेटाने ते हलवलं आणि उडालं, असं आम्ही सांगितलंय. वकील म्हणतात, तेच सगळ्यांच्या हिताचं आहे. लोरेटाच्या बहिणीला आम्ही मदत करणार आहोत. भरपूर करणार आहोत."

"आणि ते जेवण?"

"ते पुढच्या आठवड्यात हॉटेलात ठेवलंय. माझ्या हातात नव्हतं ते. ताई, तुझ्याकडे सोमवारचं रेकॉर्डिंग असेल. तेवढं डिलीट कर. माझ्यासाठी नको करू, केयासाठी कर. उद्या ती मोठी होईल, कोणीतरी गूगल करील, हिने माणूस मारला म्हणून. तुला चालेल?"

देवयानी समोर उभी होती. डोळे सुजलेले. "आई, प्लीज. बाबा, तुम्ही तरी सांगा. लोरेटा तर गेली. तिचं आता काय बिघडणार आहे?"

नंदकुमारांनी टॅब्लेट टेबलावर आणून ठेवला होता. ते बायकोकडे बघत राहिले. उमाताईंना ठाऊक होते त्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे. मी त्या वस्तूला हात लावणार नाही, असे लोरेटा त्यात स्वतःच्या तोंडाने सांगत होती. बारा वर्षे दुसऱ्याचे घर पुसून ती बाई मेली आणि आता तिच्या मरणाचा दोषही तिच्याच अंगाला पुसला जात होता. पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये उमाताईंचा आवाजही होता. तो त्यांना रोज पहाटे ऐकू येत होता.

"आजी," कोपऱ्यातून आवाज आला. चार दिवसांतला पहिला. "मॉम सेज आय हॅव टु से लोरेटा टच्ड इट."

देवयानी तिच्याकडे वळली.

"शी डिडन्ट. शी सेड गिव्ह इट टु मी, हनी. इट वॉज मी, आजी. आय ब्रोक युवर रूल."

उमाताई खाली बसल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या, नातीच्या डोळ्यांच्या रेषेत. "नाही बाळा. तुझी चूक नाही. तो नियमच चुकीचा होता आणि तो मी केला होता. लोरेटाने तुझ्याकडे हात का पुढे केला, सांगू? तुला काही होऊ नये म्हणून. हे तू कोणापासून लपवायचं नाहीस."

केया आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. देवयानी दाराला टेकून उभी राहिली आणि तीही रडली. फोन अजून चालूच होता.

उमाताई म्हणाल्या, "बळवंत, ऐकतोयस ना? सात वर्षांच्या पोरीला कोणतंही कोर्ट दोषी धरणार नाही. धरलंच तर तुला धरतील, आणि थोडं मला. हे रेकॉर्डिंग मी आज पोलिसांना पाठवतेय. लोरेटाच्या बहिणीलाही पाठवतेय. आणि त्या कायद्याची सुनावणी जेव्हा कधी होईल, तेव्हा पूल ओलांडून मी स्वतः तिथे जाईन आणि ते सगळ्यांसमोर लावीन. तुझ्या साहेबांनाही बघू दे, त्यांना फोटो हवा होता ना."

"ताई, तू मला संपवतेयस."

"मी सोमवारी बोलायला हवं होतं. तेव्हा बोलले असते तर तूही वाचला असतास."

त्यांनी फोन ठेवला. आपण वाचक मंडळी इथे म्हणू, की हे अमेरिकेतले आहे, श्रीमंतांचे आहे, आपल्या घरी कुठे पिस्तूल आहे. नसेल. पण आपल्या पाटावर काय ठेवले आहे आणि ते हलवायचे नाही असे आपण कोणाला बजावून ठेवले आहे, हे एकदा पाहायला हरकत नाही.

उमाताईंनी नंदकुमारांकडे कागद मागितला. मग त्या पाटाकडे वळल्या. अक्षता वाहिल्या नाहीत, हातही जोडले नाहीत. वाळक्या फुलांतून त्यांनी आपले पेन उचलले, पदराने कुंकू पुसले आणि टेबलाशी बसून लिहायला सुरुवात केली.

लोरेटाने त्या पिस्तुलाला हात लावला नव्हता. ते पाटावर ठेवलेले मी पाहिले होते, आणि 'राहू दे' हे शब्द माझे आहेत.