दोन तोंडांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेत लिहायची नव्हे हं, मित्रांनो. दारावर टांगायची, लाकडी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. माझ्या एका तोंडावर ‘आज फेरी निघेल’ असं आहे आणि दुसऱ्यावर ‘आज फेरी रद्द’. माणसाला दोन तोंडं असली की लोक नावं ठेवतात. माझं मात्र पोटच त्या दोन तोंडांवर चाललं.

फार पूर्वी मी एका खोक्याची फळी होते. त्या खोक्यातून जीपचे सुटे भाग आले होते. ज्यांच्याकडे आले त्यांना सगळे ‘मालक’ म्हणत. गावाच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपून जंगलाची वाट सुरू होई, तिथे त्यांची छोटी कचेरी होती. लोकांना उघड्या जीपमधून जंगलात न्यायचं, हत्ती, हरणं, पक्षी दाखवायचे आणि दुपारपर्यंत परत आणायचं, हा त्यांचा धंदा. सुताराने मला रंधा मारला, वरच्या कडेला दोन भोकं पाडली आणि मग रंगाऱ्याच्या हवाली केलं. रंगारी हौशी होता, पण त्याला जागेचा अंदाज नव्हता. ‘आज फेरी’ एवढं मोठ्ठं लिहून झाल्यावर ‘निघेल’ला जागाच उरली नाही, म्हणून तो शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसला. दुसऱ्या बाजूला मात्र त्याने चूक सुधारली. तिथला ‘रद्द’ असा लालभडक आणि ठसठशीत काढला की रस्त्याच्या वळणावरूनही दिसावा.

कचेरीत तीनच माणसं. मालक, त्यांची मोठी बहीण आणि ड्रायव्हर. बहिणीला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. चहा करणं, झाडलोट, आल्यागेल्याची विचारपूस, सगळं तिच्याकडे. ड्रायव्हर इतकी सावकाश गाडी हाकायचा की त्याचं नावच हळूमामा पडलं होतं. मालक वैतागले की म्हणत, “मामा, हत्ती चालत पुढे गेले.” त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं असे, “जाऊ देत. त्यांचंच जंगल आहे.”

पहाटे जंगलाच्या नाक्यावरून निरोप येई. वाट चिखलाने भरली असेल, हत्तीण पिलाला घेऊन रस्त्यात ठाण मांडून बसली असेल, तर फेरी रद्द. एरवी माझं ‘निघेल’चं तोंड रस्त्याकडे असे. रद्द झाली की मालक मला उलटं करत आणि हळूच मागच्या अंगणात पसार होत. मित्रांनो, मालक मनाने चांगले होते. पैसे न मागता परत करत. पण समोरच्याला तोंडाने नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मग लोक येत आणि माझ्याशी भांडत. एक गृहस्थ नवी कोरी टोपी घालून आले होते. ते मला म्हणाले, “पाऊस? आमच्याकडे तर लख्ख ऊन होतं.” जणू त्यांच्या घरचं ऊन त्यांनी सोबत बांधून आणलं होतं. एका बाईंनी ताईला सुनावलं, “हत्ती तुमचे, मग तुमचं ऐकत कसे नाहीत?” ताई शांतपणे म्हणाली, “माझा भाऊ ऐकत नाही, हत्ती काय ऐकणार? चहा घ्या.” काहींनी माझ्यावर हात आपटला. पण ‘निघेल’च्या दिवशी हीच माणसं माझ्याखाली उभी राहून हसत फोटो काढत. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. सकाळचा गारवा, चहाचा वास, जीपचं खोकत खोकत सुरू होणं आणि माझ्याकडे पाहून उजळणारे चेहरे.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगते. त्या दिवशी मी खोटं बोलले, आणि ते मला स्वतःला कळत असूनही काही करता आलं नाही.

ताई रोज पहाटे मला खिळ्यावरून उतरवून ओल्या फडक्याने पुसायची. तेव्हा तिच्या डोळ्यांवर चष्मा नसे. “पाटी पुसायला कशाला हवाय चष्मा?” असं तिचं म्हणणं. टांगताना ती हाताने दोरीची गाठ चाचपायची. गाठ उजव्या हाताला आली की ‘निघेल’ बाहेर. इतक्या वर्षांची सवय, कधी चुकली नाही. पण आदल्या संध्याकाळी हळूमामांना माझी दोरी विरलेली दिसली. त्यांनी कुणी न सांगता नवी दोरी ओवली आणि छान घट्ट गाठ मारली. ती मारली डाव्या बाजूला. सकाळी ताईने मला पुसलं, गाठ उजवीकडे घेतली आणि टांगून आत गेली. माझं लाल तोंड रस्त्याकडे झालं. मालक आणि मामा मागच्या अंगणात जीप भरत होते. पुढे कोणीच नव्हतं.

तेवढ्यात आधीच दोन जागा ठरवून ठेवलेला एक शिंपी आणि त्याची बायको चालत आली. बायकोच्या पायात पांढरे नवे बूट होते आणि ती जवळजवळ पळतच होती. माझ्याजवळ आली आणि थांबली. मित्रांनो, चेहरे पडताना मी पुष्कळ पाहिले होते. हा मात्र पडला नाही, विझला.

“रद्द,” ती म्हणाली.

“लिहिलंय ना स्पष्ट,” शिंपी म्हणाला. खरं सांगायचं तर त्याचा आवाज मोकळा झाला होता. “आपल्या हातात काय आहे? दुपारची बस मिळेल. रात्रीपर्यंत दुकानात.”

“विचारू तरी,” म्हणत तिने दार वाजवायला हात उचलला.

“अगं, कशाला लोकांना सकाळी सकाळी त्रास?” त्याने तिचा हात धरून खाली घेतला.

ती दोघं गेली. मागे जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. “शिंपीदादा काही उठले नाहीत वाटतं,” असं म्हणत मालकांनी दोन जागा रिकाम्याच सोडल्या, आणि मागच्या फाटकातून जीप लॉजवरच्या पाहुण्यांना घ्यायला गेली.

बसथांबा कचेरीच्या समोरच होता. दुपारी ती दोघं सामान घेऊन तिथे उभी असताना धुळीने माखलेली जीप परत आली. माणसं उड्या मारत उतरली. हत्तीचं पिल्लू आईच्या पायांतून कसं पळालं, हे सगळे एकाच वेळी सांगत होते. शिंप्याच्या बायकोने पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबली आणि रस्ता ओलांडून ती थेट कचेरीत शिरली.

“फेरी रद्द होती ना?” तिने मालकांना विचारलं.

“रद्द? बाई, तुमचीच वाट पाहिली आम्ही. हॉर्न वाजवून वाजवून मामांचा अंगठा दुखला.”

“तुमच्या पाटीवर रद्द होतं.”

“शक्यच नाही. या, पाटीच दाखवतो,” म्हणत मालक ऐटीत बाहेर आले, माझ्याकडे बोट केलं आणि तसेच उभे राहिले. बोट खाली घ्यायचंही त्यांना सुचेना.

“मामा,” ते म्हणाले, “पाटीला कोणी हात लावला?”

“मी फक्त दोरी बदलली. काल.”

ताई कपबशा घेऊन दारात आली होती. “गाठ कुठल्या बाजूला मारलीत?” तिने विचारलं.

“डाव्या.”

ताईने कपबशा खाली ठेवल्या. “मग मीच. मी गाठ बघून टांगते.”

“ताई, तू आत जा,” मालक पुटपुटले.

“आत गेले की चूक काय पुसली जाणार आहे? बाई, चूक माझी आहे.” आणि मग भावाकडे वळून ती म्हणाली, “आणि तू एकदा पुढच्या दाराने बाहेर डोकावला असतास, तर ही दोघं अशी माघारी गेली नसती.”

मालकांचा चेहरा कसनुसा झाला. “सगळे पैसे परत देतो,” ते म्हणाले.

“पैसे नकोत मला,” शिंप्याची बायको म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, उलट बसला होता. “लग्न झाल्यापासून हे म्हणतात, पुढच्या वर्षी जाऊ. कधी गणवेशांचा हंगाम, कधी कुणाचं लग्न. तुम्ही एकदा रद्द केलीत, यांनी दरवर्षी केली. यांना इथवर आणायला मला काय काय करावं लागलं ते माझं मला माहीत. आता घरी गेले की मशीन सुरू. मग कुठली फेरी आणि कुठलं काय.”

शिंपी दोन पिशव्या घेऊन मागे उभा होता. मालक हळूच म्हणाले, “उद्याची गाडी भरली आहे. परवा दोन जागा आहेत.”

रस्त्यावर बस येऊन थांबली. कंडक्टरने हाक मारली. सगळे शिंप्याकडे पाहत होते. तो मात्र बायकोच्या बुटांकडे पाहत होता. त्यांना अजून जंगलाची धूळसुद्धा लागली नव्हती.

“दार वाजवत होतीस,” तो म्हणाला. “मीच हात धरला.”



त्याने पिशव्या जमिनीवर ठेवल्या. “परवाच्या दोन जागा आमच्या.”

“अहो, आणि शिवायला घेतलेले ते नवरदेवाचे कपडे?”

“दुकानातल्या पोराला फोन करतो. बाह्या लावता येतात त्याला. कॉलर मी गेल्यावर बघेन.”

“उद्या विचार बदलाल.”

“बदलला तर ही पाटी माझ्या गळ्यात अडकव.”

“कुठली बाजू बाहेर ठेवून?” तिने विचारलं, आणि आधी ताई हसली, मग मामा, मग ती स्वतः. बस त्यांना न घेताच निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला स्वतः टांगलं आणि चार पावलं मागे जाऊन दोनदा वाचलं. दुपारी जीप परतली तेव्हा शिंप्याच्या बायकोचे बूट मातकट झाले होते. ताईला ती सांगत होती, “हत्ती अगदी जवळून गेले हो. मला रडू आलं. आणि हे काय म्हणाले माहितेय? कातडं मागून फार सैल बेतलंय.” शिंपी गंभीरपणे म्हणाला, “गुडघ्यापाशी तर चुण्याच चुण्या. असं काम मी दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं.” मग बायकोच्या केसांतलं वाळकं पान त्याने काढलं आणि उगाच इकडेतिकडे पाहत राहिला.

त्यानंतर मालकांचं वागणं बदललं. फेरी रद्द झाली की ते माझ्या खाली उभे राहू लागले. लोक रागवत, ते ऐकून घेत, कारण सांगत, चहा पाजत. भांडणं काही संपली नाहीत, पण माझ्यावर हात आपटणारे कमी झाले.

पुढे मोबाइल आले. फेरी आहे की नाही हे लोकांना घरबसल्या कळू लागलं. हळूमामा गेले, ताई थकली, आणि मी मागच्या छपरात भिंतीला टेकून बसले. माझा ‘निघेल’ आता पुरता पुसट झाला आहे. लाल रंग अजून टिकून आहे, तेवढंच वाईट वाटतं. कुणी थोडा रंग दिला तर बरं होईल. पण मित्रांनो, माझ्या रंगाचं एवढं मनावर घेऊ नका. तुमच्या घरात नीट बघा. कुणाला तरी कुठेतरी जायचं असतं. आईला, आजोबांना, एखाद्या मावशीला. ती कितीदा विचारतात, आणि पुढच्या वर्षी म्हटलं की गप्प बसतात. आज त्यांच्याजवळ जा आणि विचारा, कुठे जायचं राहिलंय तुमचं? आणि त्यांनी सांगितलं की लगेच दिवस ठरवा.