मिस्त्रींच्या पिशवीतले रिपोर्ट

मी एक जुनी चामड्याची पिशवी आहे. अवजारांची. माझा रंग एके काळी तपकिरी होता. आता ग्रीस, घाम आणि हातांचा मळ बसून तो नेमका कोणता राहिला आहे, ते मलाही सांगता येणार नाही. माझी एक कडी पितळेची आहे आणि दुसरी लोखंडाची. पितळेच्या कडीची मूळची जोडीदारीण एका लिफ्टच्या खड्ड्यात पडली ती पडलीच.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने मेणाच्या दोऱ्याने शिवले. तळ दुहेरी घेतला आणि पट्ट्याला तीन तीन टाके जास्त मारले. मला विकत घेतले ते बावीस वर्षांच्या एका किडकिडीत तरुणाने. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला नुकताच लागला होता. आज सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते.

मित्रांनो, त्या वर्षांबद्दल किती सांगू? माझ्या पोटात पाने, पेचकस, टेस्टर, चिंध्या आणि एक छोटा आरसा असे. मिस्त्री मला खांद्यावर टाकून बारा बारा मजले चढत, कारण लिफ्ट बंद पडलेली असली की मिस्त्रीला जिनाच असतो. दोर तपासताना ते आधी हात लावत, मग डोळे. एकदा एका रुग्णालयाची लिफ्ट त्यांनी वीस मिनिटांत चालू केली, तेव्हा तिथल्या मुख्य परिचारिकेने स्वतः चहा आणून दिला. मिस्त्रींनी कप माझ्यावर ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे आणि तो मी मिरवते.

त्यांचा कामातला जोडीदार होता लंबू. नावाप्रमाणे उंच. तो वर, मिस्त्री खाली, किंवा उलट. दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. घरी वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको. त्या शाळेचे गणवेश शिवत. शिवाय मिस्त्रींची आई आणि एक मुलगी. मुलगी लग्नानंतर नऊ वर्षांनी झाली होती, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलेला. माझी जागा दारामागच्या खुंटीवर. तिथून सगळे घर ऐकू येते.

मिस्त्रींना सत्तेचाळिसावे लागले आणि काहीतरी बिघडू लागले. आधी जिन्यात. पाचव्या मजल्यावर ते मला खाली ठेवत आणि पायरीवर बसून राहत. मग डबा खाल्ल्यावर डोळे मिटू लागले. दंड सैल पडले, पोट सुटले. पूर्वी एक दिवस दाढी केली नाही तर वहिनी टोकत. आता चार दिवस गेले तरी गाल तसेच. मुलीने सायकल शिकवा म्हटले की ते म्हणत, "पुढच्या रविवारी." असे कितीतरी रविवार गेले. लहानसहान गोष्टींवरून त्यांचा पारा चढे आणि मग दिवसभर ते तोंडातून चकार शब्द काढत नसत. वहिनींशीही. नवराबायकोत जी जवळीक असते ती कधी विझली, ते दोघांनाही नेमके सांगता आले नसते. त्यावर कोणी बोलतही नव्हते.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिस्त्री एकदा गेले. बाहेर खोकणाऱ्यांची रांग होती. डॉक्टर घाईत होते.

"थकवा येतो," मिस्त्री म्हणाले. बाकीचे सगळे गिळून टाकले.

"पन्नाशी जवळ आली की येतोच," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टॉनिक लिहून दिले.

टॉनिकची बाटली संपली आणि थकवा होता तिथेच राहिला. मग लंबूने कुठूनसे एक कार्ड आणून दिले. त्यावर उधळलेल्या घोड्याचे चित्र होते. कामावरून परतताना मिस्त्री मला घेऊनच तिथे गेले. खोलीत पडदे ओढलेले, टेबलामागे अंगठ्या घातलेला एक माणूस. मिस्त्री बसायच्या आधीच त्याने त्यांचे दुखणे ओळखले, असे त्याचे म्हणणे.

"दर आठवड्याला एक सुई. महिन्याभरात बघा, कसे धावायला लागता ते."

"कसली सुई?" मिस्त्रींनी विचारले.

"ताकदीची."

"रक्त नाही तपासणार? काही विचारणार नाही?"

"चेहऱ्यावरच दिसतंय की सगळं."

मिस्त्री उठले. मला खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "मी लिफ्टचं काम करतो. दार न उघडता जो बिघाड सांगतो, त्याला आम्ही हात लावू देत नाही."

मला त्यांचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू. पण तो फार टिकला नाही. रस्त्यावर आल्यावर ते कितीतरी वेळ नुसते उभे होते. आता कुठे जायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि विचारायची लाज वाटत होती. त्यांनी ठरवले की आता कुठेच जायचे नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते घडले. एका कार्यालयाच्या इमारतीत लंबू खड्ड्यात उतरला होता. कोणी खाली असताना लिफ्ट जागची हलू नये म्हणून आधी एक लाल बटण दाबून ठेवायचे असते. पंचवीस वर्षांत मिस्त्री ते कधी विसरले नव्हते. त्या दिवशी विसरले. लिफ्ट खाली सरकू लागली. लंबूने आरोळी ठोकली आणि मिस्त्रींनी कसेबसे बटण गाठले. लिफ्ट थांबली तेव्हा लंबू भिंतीला पाठ चिकटवून बसला होता. त्याला ओरखडाही उठला नव्हता.

तो वर आला, हात झटकले आणि शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला काहीतरी झालंय. मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी त्याच दिवशी साहेबांना सगळे खरे सांगितले आणि स्वतःहून लिफ्टचे काम सोडले. त्यांना कार्यालयात बसून फोनवरच्या तक्रारी लिहून घ्यायचे काम मिळाले. आणि मी? माझ्यातली अवजारे काढून लंबूला दिली गेली. मला कपाटावर टाकले. शेजारी एक फुटका टेबलपंखा होता. माझे चामडे वाळू लागले, पट्ट्याची शिवण उसवली. मित्रांनो, झिजण्याचे दुःख मला कधी झाले नाही. पण रिकामे पडून राहणे जिव्हारी लागते. खाली मिस्त्रींचेही तेच चालले होते.

एके सकाळी वहिनींनी मला खाली काढले. काय घडले ते सगळे त्यांनी लंबूकडून काढून घेतले होते. ओल्या फडक्याने मला पुसले आणि माझ्यात मिस्त्रींचे दवाखान्याचे जुने कागद भरले. वर एक चिठ्ठी ठेवली. गणवेशाची मापे लिहायच्या कागदाच्या पाठीमागे त्यांनी ओळीने लिहिले होते: काय होते, केव्हापासून होते. दाढीसुद्धा. आणि जे आजवर कोणी बोलले नव्हते तेही, एका ओळीत, साध्या शब्दांत.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"कोपऱ्यावरच्या त्याच डॉक्टरांकडे. या वेळी मी बोलणार."

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग चष्मा काढला. "मागच्या वेळी मी घाई केली," ते म्हणाले. "हे पुरुषांच्या हार्मोनचं असू शकतं. पण अंदाजानं औषध देण्यात अर्थ नाही. हे नीट जाणणाऱ्या एक डॉक्टर आहेत, ग्रंथींच्या. मी चिठ्ठी देतो."

त्या डॉक्टर बाई आहेत, म्हणून मिस्त्री दारातूनच परतणार होते. वहिनींनी माझा पट्टा धरला होता आणि पट्ट्याचे दुसरे टोक मिस्त्रींच्या खांद्यावर होते, म्हणून ते आत गेले असे मी मानते.

डॉक्टरबाईंचे केस पिकलेले होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. झोप कशी लागते, घोरता का, कोणती औषधे घेता, कुणी कसली सुई टोचली का. लाजण्यासारखे प्रश्न त्या लिफ्टचा मजला विचारावा तसे विचारत. पडद्याआड तपासून आल्यावर त्यांनी विचारले, "तरुणपणी कधी गालगुंड झालं होतं?"

मिस्त्री म्हणाले, "विसाव्या वर्षी."

"आणि त्यानंतर खाली सूज?"

"दोन्ही बाजूंना. तीन आठवडे झोपून होतो. घरी सांगितलं, पाठ धरलीय."

वहिनींनी वळून त्यांच्याकडे पाहिले. लग्नाला अठरा वर्षे झाली होती आणि हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितले. सकाळी आठच्या आत, उपाशीपोटी, आणि एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या दिवशी. "हा आकडा दिवसभर खालीवर होतो. एका कागदावर मी आयुष्यभराचं औषध सुरू करत नाही."

दोन्ही कागद माझ्याच पोटातून गेले. दोन्हींत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषांचे हार्मोन, कमी होते. बरोबर इतर तपासण्याही होत्या.

"तुमच्याच भाषेत सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वरून, मेंदूकडून, बटण दाबलं जातंय. जोरानं दाबलं जातंय. पण खालची, वृषणांची, मोटार दमलीय. त्या जुन्या सुजेनं तिला इजा झाली असणार. तरुणपणी उरलेल्या ताकदीवर भागलं, आता भागत नाही. हे तुमच्या आळसानं झालेलं नाही आणि नुसत्या वयानंही नाही."

मिस्त्रींनी खाली पाहिले. त्यांचे हात माझ्यावर होते. माझ्यावरच्या चहाच्या डागावरून ते बोट फिरवू लागले.

बाईंनी पुढचे सगळे समजावले. रोज सकाळी खांद्यांना लावायचे मलम. ते वाळेपर्यंत घरातल्या कोणी त्याला हात लावायचा नाही. रक्त फार दाट होत नाही ना, प्रोस्टेट ग्रंथी ठीक आहे ना, हे ठरावीक महिन्यांनी तपासायचे. हाडांचीही एक तपासणी. "या औषधानं मूल होण्याची शक्यता आणखी कमी होते. अजून हवंय?" त्यांनी विचारले, तेव्हा नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही हसले. मग मिस्त्री हसायचे थांबले.

"मुलगी नऊ वर्षांनी झाली," ते म्हणाले. "ते यामुळेच?"

"बहुधा. आज खात्रीनं सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर दोघे बसले, मी मध्ये. त्या नऊ वर्षांत वहिनींनी किती दवाखाने केले, एक शस्त्रक्रिया सोसली, आणि सासूबाईंचे टोमणे तर ताटात वाढल्यासारखे रोज.

"मला तपासायला सगळे तयार होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही."

"माझ्या आलं होतं," मिस्त्री म्हणाले. "मी गप्प बसलो."

समोरून दोन बस गेल्या. मग वहिनी उठल्या, मला उचलले आणि म्हणाल्या, "मला राग आलाय. तो काही दिवस राहील. औषध मात्र आजच घ्यायचं."

घरी गेल्यावर मला पुन्हा खुंटीवर अडकवून मिस्त्री आईसमोर जाऊन बसले. कोरड्या आवाजात, पण न अडखळता, त्यांनी सगळे सांगितले. "आई, दोष तिच्यात नव्हता. माझ्यात होता आणि मला संशय होता."

"मला कुणी सांगितलं नाही," आई म्हणाल्या.

"मी सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी वहिनी मशीनवर बसल्या होत्या, तेव्हा आई काठी टेकत आल्या आणि कापडाच्या ढिगातून गुंड्या वेचू लागल्या. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "मी पुष्कळ बोलले गं तुला." वहिनींनी मशीन थांबवली, एवढेच मला खुंटीवरून कळले.

मित्रांनो, मलमाने जादू झाली नाही. पहिला महिना मिस्त्री रोज आरशात पाहून निराश होत. मग एका सकाळी ते गुणगुणताना ऐकू आले. दीड महिन्याने त्यांनी मुलीला सायकलवर बसवले आणि मागे धावले. धाप लागली, तरी धावले. तिसऱ्या महिन्यात रक्त थोडे दाट झाले, तेव्हा बाईंनी मात्रा कमी केली आणि चालणे वाढवले. कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकले. वहिनींचा रागही हळूहळू ओसरला. दोघे संध्याकाळी फिरायला जाऊ लागले आणि उशिरा परतू लागले. त्यापलीकडचे मी सांगणार नाही. खुंटीवरच्या पिशवीलाही मर्यादा असते.

आठव्या महिन्यात मिस्त्री पुन्हा लिफ्टवर गेले. आधीचा महिनाभर लंबूने त्यांना प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणायला लावली होती. वहिनींनी माझा पट्टा जाड सुईने शिवला. लंबूने अवजारे परत केली, एक पाना सोडून. तो हरवला म्हणतो. रिपोर्ट आता एका पातळ फाईलमध्ये माझ्या बाजूच्या कप्प्यात असतात, कारण दर काही महिन्यांनी बाईंकडे जावे लागते आणि मिस्त्री कामावरून थेट जातात.

मित्रांनो, मी बोलू शकत नव्हते म्हणून उसवत राहिले. तुम्हाला तर तोंड आहे. अंगात काही बिघडले तर ते पाठ धरलीय म्हणून झाकू नका. घरातल्या एका माणसाला तरी सांगा. आणि अशा डॉक्टरांकडे जा, जे आधी विचारतात, मग तपासतात, पुन्हा तपासतात आणि त्यानंतरच औषधाला हात घालतात. तुमच्या बाबांना, काकांना, मामांना बरे नसेल तर त्यांनाही हाताला धरून न्या. वेळेवर दोन टाके घातले की माझ्यासारखे जुने चामडेही पुष्कळ वर्षे ओझे पेलते.

आता मला थांबायला हवे. चौथ्या मजल्यावर दार अडकले आहे. मिस्त्रींनी लाल बटण दाबले, लंबूने ते मोठ्याने म्हटले, आणि आता त्यांचा हात माझ्या पोटात दहा नंबरचा पाना शोधतो आहे.