शुक्रवारचं वर्तुळ

चेंडूची शिवण एका जागी उसवली होती आणि आतला कापूस बाहेर डोकावत होता. तिनं तो करंगळीनं आत ढकलला, तो परत बाहेर आला... पुन्हा ढकलला. पिवळ्या लोकरीचा, मुठीत मावेल एवढा चेंडू. या आंतरराष्ट्रीय शाळेत ती मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाली तेव्हा तिनंच तो आणला होता. शुक्रवारी मुलांच्या बसेस गेल्या की सगळ्या शिक्षकांनी वाचनालयात गोल करून बसायचं, आणि चेंडू ज्याच्या हातात येईल त्यानं त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. कुणी हसायचं नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही, आणि वर्तुळातलं वर्तुळाबाहेर न्यायचं नाही. हे तिन्ही नियम तिनं स्वतः भिंतीवर लावले होते, सरळ लागलेत का ते लांबून बघत.

आज शुक्रवार होता आणि पाचवीच्या बाईंना नोकरीवरून जायला सांगायचं होतं.

सकाळी नवरा चहाचा कप विसळता विसळता म्हणाला होता, "आज काही बिनसलंय का?" ती म्हणाली, "नाही." आणि खरंच काही बिनसलं नव्हतं — तेच विचित्र होतं. जिथं काळजी वाटायला हवी, लाज वाटायला हवी, तिथं बसून बसून पाय बधिर व्हावा तसं काहीतरी होतं. आपलंच आहे, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचंच. हे कधीपासून, तेही आठवत नव्हतं. माणसं येत, ती मान किंचित कलती करून ऐके, "तुमचं म्हणणं पोचलं" असं म्हणे, माणसं समाधानानं जात. काय पोचलं, कुठं पोचलं... मला काहीच पोचत नाही, असं एकदा नवऱ्याला सांगावंसं वाटलं होतं, तेवढ्यात त्याला कुणाचा तरी फोन आला.

सुरुवातीला वर्तुळाची शाळेत भरपूर टिंगल झाली, हे तिला ठाऊक होतं. गणिताचे सर शुक्रवारी दुपारी शिक्षकखोलीत हिंडत म्हणायचे, "कुणाकडे एखादी जादा चूक आहे का हो? उसनी द्या, पुढच्या आठवड्यात परत करतो." त्यामुळे तारीख चुकीची लिहिली, खडू घरी नेला, सहलीची शिट्टी हरवली, असल्या इस्त्री केलेल्या चुका फिरत राहिल्या. एकच चूक दोनदा आली तरी कुणी हसत नसे. नियमच होता तसा. बदलाला वेळ लागतो, असं ती शाळेच्या संचालक मंडळाच्या सभेत सांगत राहिली.

आणि मग मागच्या शुक्रवारी पाचवीच्या बाईंनी — ज्या आजवर "फळा पुसायला विसरले" यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या — चेंडू मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघतच बोलल्या. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ती मला आवडत नाही. ती आली नाही की मला बरं वाटतं. खूप प्रयत्न केला, नाही जमत. म्हणून रोज मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारी बसून डबा खाते."

गणिताच्या सरांनी चष्मा काढून पुसला. आणि ती... तिला वाटलं, जमलं. हीच ती संस्कृती, जी आपण भाषणांतून सांगत आलो, ती आज आपसूक समोर येऊन बसली. आनंद म्हणावा असं काही झालं का? नाही, नोंद झाली. चांगलं उदाहरण मिळाल्याची.

मंगळवारी पालकसभेत तिनं तेच उदाहरण दिलं. नाव नाही, इयत्ता नाही, पण डबा मात्र होता, कारण डब्याशिवाय त्या गोष्टीत गंमत नव्हती. आमचे शिक्षक इतकं मोकळं बोलतात, असं म्हणून तिनं नेमक्या जागी थांबून दाखवलं. टाळ्या पडल्या. मंचावर बसलेल्या मंडळाच्या अध्यक्षांनीही वाजवल्या. दुसऱ्या रांगेतल्या एका आईनं नाही वाजवल्या. तिची मुलगी रोज घरी जाऊन सांगायची, बाई माझ्याच शेजारी बसून जेवतात, मी त्यांची लाडकी आहे.

"मॅडम, त्या मुलीच्या घरचे ऐकायला तयार नाहीत," अध्यक्ष सकाळी फोनवर म्हणाले होते. "बाईंना पुढच्या सत्रात ठेवणं अवघड दिसतंय. तुम्हीच सांगा त्यांना, तुम्हाला जमतं ते. झालं की मला कळवा, संध्याकाळी मी फोन करतोच." ती "हो" म्हणाली. नको म्हणण्याएवढंसुद्धा काही आत उठलं नाही.

दारावर टकटक झाली. पाचवीच्या बाई, पदराला हात पुसत.

"वर्ग खेळाला गेलाय, तोवर मोकळी आहे मी."

"बसा ना. अध्यक्षांचं म्हणणं असं पडलं की—"

"आणि तुमचं?"

"मी माझ्या परीनं प्रयत्न करीनच."

"म्हणजे जायचं," बाई म्हणाल्या.

"रागावलात?"

"रागावले तर. मंगळवारी मी सभागृहात मागंच उभी होते, मॅडम. तुम्ही इतकं गोड सांगत होता की मला वाटलं, कोण बरं ही एवढी चांगली बाई! मग कळलं, ही तर मीच." त्या हसल्या. मग हसू तसंच अर्धवट राहिलं. "माझं सोडा हो. मिळेल कुठंतरी. पण तिला कळलंय. आज डबा उचलून ती पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आणि गंमत बघा, मला ते अजिबात आवडलं नाही."

बोलायला हवं होतं. चूक माझी होती, नियम मी मोडला, हे सरळ सोपं वाक्य होतं आणि खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. ती मान कलती करून ऐकत राहिली.

"तुम्हाला कुठलं मूल आवडत नाही, मॅडम?"

तिनं शोधलं. खरंच शोधलं. प्रार्थनेच्या रांगा, माहितीपत्रकावरचे हसरे चेहरे, बक्षिसाला पुढं आलेले हात... नकोसं असं कुणी सापडेना. हवंसंही कुणी सापडेना.

"असं कुणी नाही," ती म्हणाली.

"बरंय तुमचं," बाई म्हणाल्या आणि वर्गाकडे निघाल्या.

बसेसच्या वेळेला ती रोजच्यासारखी फाटकाशी उभी राहिली. पाचवीची रांग आली. यातलीच एक. जिची गोष्ट आपण भरसभेत सांगितली, जिच्यापायी एका बाईंची नोकरी चालली आहे, ती यातली कोणती हे आपल्याला माहीत नाही! विचारता येईल... कुणाला विचारणार? वेण्यांकडे, पाण्याच्या बाटल्यांकडे बघत ती ओळखायचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात एक दप्तर जोरात येऊन तिच्या गुडघ्यावर आदळलं. दप्तरवाली मागं वळूनसुद्धा न बघता पुढं गेली.

"डोळे फुटले का तुझे?"

हे आपण ओरडलो? या शाळेत असं ओरडणं तिनंच बंद केलं होतं. रांग थांबली. मुलगी वळली — दहा-अकरा वर्षांची, कपाळावर चिकटलेले केस, हनुवटी पुढं काढलेली, सॉरी म्हणायचा विचारही नसलेली. हट्टी कार्टी! गुडघा ठणकत होता. राग चढत होता, खराखुरा, बिनशिष्टाचाराचा. आधी त्या मुलीवर, मग टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहावर, अध्यक्षांच्या गुळमट आवाजावर, आणि मग नेमक्या जागी थांबून दाखवणाऱ्या त्या बाईवर, जी मी आहे.

पर्समधला फोन वाजायला लागला. अध्यक्षच असणार. मुलगी अजून तिच्याकडे रोखून बघत होती, तीही नजर काढून घेत नव्हती. अध्यक्षांशी काय बोलणार ते तिला माहीत नव्हतं. राग उतरायच्या आत फोन घ्यायला हवा, एवढंच कळत होतं.