न ऐकलेला जबाब

न्यायाधीशसाहेबांना कोर्टात पाठीमागे 'मुखोद्गत' म्हणत. वीस वर्षांपूर्वीच्या निकालातली ओळ ते कागद न बघता सांगायचे. त्यामुळे न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय बासष्टवरून सत्तर करावं का, हे ठरवायला समिती बसली, तेव्हा वकील मंडळींनी साक्षीसाठी एकसष्ट वर्षांच्या साहेबांचंच नाव पुढे केलं. याहून जिवंत पुरावा कुठला?

साक्षीच्या आदल्या आठवड्यात एक वाटणीचा दावा चालू होता. दुपारी तीनचा सुमार. उंच खिडक्यांतून तिरपं ऊन फायलींवर पसरलं होतं. पिंजऱ्यात एक शिंपीणबाई उभी होती; वडिलांच्या घरातल्या आपल्या खोलीबद्दल सांगत होती.

"खिडकीशी माझं मशीन असायचं," ती म्हणाली, आणि साहेबांना ती खिडकीच दिसली. पलीकडे संथ, पांढुरकं पाणी. पाण्यावरून न शिवलेली कापडं तरंगत येत होती. साहेबांची आई काठावर बसून एकेक उचलत होती. "हे कुणाचं रे?" साहेब अचूक सांगत होते. मग एक निळसर कापड आलं. ते कुणाचं, हे काही केल्या आठवेना. आई थांबून राहिली. पाणीही थांबलं.

"...एवढंच माझं म्हणणं," शिंपीणबाई म्हणाली.

कुणाच्या चेहऱ्यावर काही कळल्याची खूण नव्हती. साहेब नेहमीच डोळे मिटून ऐकत.

चेंबरमध्ये त्यांनी स्टेनोबाईंना बोलावलं. बावीस वर्षं त्या साहेबांचा शब्द टिपत होत्या.

"बाई, आजचा जबाब वाचा बरं."

साडेतीन पानं. मशीननंतरचं एकही वाक्य साहेबांच्या ओळखीचं नव्हतं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"दमणूक असते, साहेब. कागदावर सगळं आहे."

"पहिल्यांदाच झालं ना?"

बाई पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिल्या. "तिसऱ्यांदा."

घरी पत्नी म्हणाली, "अहो, झाकली मूठ राहू द्या की. घरी बसलात तर माझ्याच कामाची उलटतपासणी घ्याल."

साहेब हसले, पण सकाळी त्यांनी शिंपीणबाईला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. "काल तुमचं निम्मं बोलणं मी ऐकलंच नाही. माझा डोळा लागला होता. पुन्हा सांगाल?"

वकिलांनी माना खाली घातल्या. शिंपीणबाई मात्र म्हणाली, "मीही मशीनवर डुलकते, साहेब. मग ती शिवण उसवते नि परत घालते." आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी डोळे उघडे ठेवून ऐकलं.

समितीपुढेही त्यांनी हेच सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे बासष्टच बरोबर?"

"नेमका आकडा मला नाही सांगता येणार. चाळिशीतले पेंगणारेही मी पाहिलेत. पण आपण कधी पेंगलो हे आपल्याला कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते भिडेपोटी बोलत नाहीत. म्हणून हद्द दुसऱ्या कुणीतरी आखलेली बरी."

समितीनं पासष्ट ठरवलं, आणि साठीनंतर दरवर्षी तपासणी. वकील मंडळी साहेबांवर बरेच दिवस रुसून होती. शिंपीणबाईला तिची खोली मिळाली. साहेबांना आणखी तीन वर्षं राहता आलं असतं. ते बासष्टलाच खुर्चीवरून उठले. शेवटच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना स्टेनोबाई सोबत होत्या. बाहेर उन्हात सगळं जरा विरघळल्यासारखं दिसत होतं, आणि दोघंही, घाई नसलेल्या माणसांसारखी, चालत राहिली.